वोल्फगांग फॉन ट्रिप्स : ३४-३३ च्या अलीकडची गोष्ट

घाटवळण (धागाकर्ता)

१९६१ सालच्या फॉर्म्युला वनचा गुणतक्ता काढून बघा. पहिला फिल हिल, ३४ गुण. दुसरा वोल्फगांग फॉन ट्रिप्स, ३३ गुण. एका गुणाचा फरक. आणि तो तक्ता पुरा झाला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस हयात नव्हता.

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी त्याचा उल्लेख 'मोंझाला गेला तो जर्मन' असा केला, म्हणजे इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर मेला तो चालक. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण मला ते लागलं. या माणसाबद्दल मी गेली कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आलोय. त्याची कारकीर्द सगळे शेवटाकडून उलटी वाचतात आणि मग ती नुसती शोकांतिका उरते. सुरुवातीपासून वाचली की वेगळंच दिसतं. वारंवार आपटणारा एक पोरगा हळूहळू शांत डोक्याचा चालक होत जातो. ती वाढ मला इथे मांडायची आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जन्म ४ मे १९२८, कोलोन. पूर्ण नाव वोल्फगांग ग्राफ बेर्घे फॉन ट्रिप्स. 'ग्राफ' ही उमरावाची पदवी. कोलोनच्या पश्चिमेला केर्पेनजवळ होरेम नावाचं गाव आहे, तिथे हेमर्सबाख ही त्यांची गढी. शेतीवाडी मोठी आणि हा एकुलता एक. शिक्षणही शेतीचंच घेतलेलं, कारण पुढे जमीन यानेच सांभाळायची हे ठरलेलं होतं.

जर्मनीने शरणागती पत्करली ८ मे १९४५ ला. त्याच्या चार दिवस आधी याला सतरा पूर्ण झाली होती. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा हा उंबरठ्यावर होता आणि देश ढिगाऱ्यात. त्यानंतरची काही वर्षं जर्मन चालकांना आंतरराष्ट्रीय शर्यतींचं दार बंदच होतं. दार उघडलं तेव्हा युद्धापूर्वीचे दिग्गज चाळिशीच्या पुढे गेले होते आणि नवी पिढी कोरी होती. ट्रिप्स त्या कोऱ्या पिढीतला.

घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून सुरुवातीला त्याने 'अक्सेल लिंथर' या खोट्या नावाने शर्यतींत भाग घेतला. गाडी पोर्शे ३५६. १९५४ च्या मिल्ले मिलियात, म्हणजे इटलीतल्या ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणाऱ्या हजार मैलांच्या शर्यतीत, वाल्टर हॅम्पेलसोबत तो आपल्या गटात पहिला आला. तिथून त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं.

पुढचं प्रतिसादांत लिहितो.

---

पिस्टन

वाचतोय. एक शंका. जर्मन माणूस, सुरुवात पोर्शेवर. मग फेरारीत कसा? मर्सिडीज तेव्हा सगळ्यांना धूळ चारत होती ना?

---

घाटवळण

नेमका प्रश्न विचारलात. मर्सिडीजने त्याला घेतलं होतं. १९५५ च्या सप्टेंबरात उत्तर आयर्लंडमधल्या डनड्रॉडला टूरिस्ट ट्रॉफी झाली, त्यात तो ३०० एसएलआर चालवून आंद्रे सिमोंसोबत तिसरा आला. पहिली तिन्ही स्थानं मर्सिडीजकडे. मॉस आणि फँजिओसारखे त्या काळचे अव्वल चालक ज्या संघात आहेत तिथे सत्तावीस वर्षांच्या मुलाला जागा मिळणं म्हणजे केवढी गोष्ट!

पण त्याच वर्षी ११ जूनला ले मॉन्सची दुर्घटना झाली होती. मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली. वर्षअखेर मर्सिडीजने शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि पुढे कित्येक दशकं तिकडे फिरकली नाही. पोर्शेकडे तेव्हा ग्रां प्रीची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीची, गाडी नव्हती. म्हणजे ऐन उमेदीतल्या जर्मन चालकाला जर्मन संघच उरला नाही. तो मारानेलोला, म्हणजे फेरारीच्या गावी, गेला तो असा. लाल गाडी, इटालियन मेकॅनिक आणि डोक्यावर एन्झो फेरारी.

---

जुनापुणेकर

घाटवळण, १९५७ च्या मिल्ले मिलियाबद्दल लिहाच. नाहीतर मीच लिहितो. म्हातारपणी हाच उद्योग उरलाय.

---

घाटवळण

लिहा ना काका. तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

---

जुनापुणेकर

बरं.

१२ मे १९५७. फेरारीकडून कॉलिन्स, तारुफी, ट्रिप्स, दे पोर्तागो असे सगळे उतरलेले. पिएरो तारुफी पन्नास वर्षांचा. ही शर्यत जिंकायची म्हणून वर्षानुवर्षं झटलेला, आणि जिंकलो की थांबतो असा शब्द बायकोला दिलेला. कॉलिन्सची गाडी बंद पडली आणि तारुफी पुढे आला, पण त्याच्याही गाडीचं ट्रान्समिशन रडायला लागलं होतं. मागून ट्रिप्स आला. त्याची गाडी ठणठणीत, वय एकोणतीस, शेवटचा पल्ला सपाट आणि सरळ.

त्याने तारुफीला मागे टाकलं नाही. तारुफी पहिला, ट्रिप्स दुसरा. त्याने जाणूनबुजून वडीलधाऱ्याला पुढे राहू दिलं असं त्या काळापासून सांगतात. संघाचा इशाराही असेल. मला मात्र पहिलं पटतं, कारण पुढे ज्या ज्या माणसांनी त्याच्याबद्दल लिहिलं त्यांनी त्याच्या सौजन्याबद्दल लिहिलंय.

त्याच दिवशी ग्विदित्सोलो गावाजवळ पोर्तागोच्या गाडीचा टायर फुटला. तो, त्याचा जोडीदार आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ गावकरी गेले. नऊंपैकी पाच लहान मुलं. मिल्ले मिलिया पूर्वीच्या वेगवान शर्यतीच्या रूपात तिथेच बंद झाली. ट्रिप्सच्या सगळ्यात चांगल्या निकालांपैकी एक त्या तारखेचा आहे.

---

अनघा_व

काका, छान लिहिलंत. पण एक बाजू कुणी मांडत नाहीये, ती मांडते.

इंग्रजी वृत्तपत्रांत याला 'काउंट फॉन क्रॅश' म्हणत. हे नाव उगाच पडलेलं नाही. १९५६ ला मोंझाच्या सरावात फेरारी मोडली. १९५८ ला परत मोंझा, पहिल्याच लॅपमध्ये हॅरी शेलशी टक्कर, पाय जायबंदी. १९५९ ला मोनॅकोत पोर्शे घेऊन उतरला आणि दुसऱ्या लॅपमध्ये सांत देव्होतच्या वळणावर घसरला. मागून येणारे अॅलिसन आणि हॅलफर्ड त्याच्यावर आदळले आणि तिघांचीही शर्यत तिथेच संपली. चार वर्षांत हे एवढं. सौजन्य होतं हे मान्य, पण गाडी ताब्यात ठेवण्याचं काय?

---

चौथागिअर

अनघाताई, १९५६ चा दोष त्याच्यावर टाकू नका. स्टिअरिंगचा भाग तुटला होता. त्याला ग्रां प्रीची गाडी प्रथमच मिळाली होती आणि तीच अशी गेली. बाकी दोन मान्य.

---

घाटवळण

अनघाताईंचा मुद्दा मी टाळणार नाही. खरंतर याच मुद्द्यावर माझा धागा उभा आहे.

१९५६ ते १९५९ या काळात तो उतावळा होता. पहिली लॅप, पहिलं वळण, तिथेच सगळं जिंकायचं अशी वृत्ती. पण त्या काळातली दुसरी नोंदही बघा. १९५७ च्या मोंझाला मॉस आणि फँजिओच्या मागे तिसरा. १९५८ च्या फ्रान्समधल्या रीम्सला तिसरा. त्या रीम्सच्या शर्यतीतच त्याचा सहकारी लुइजी मुस्सो गेला. महिन्याभरात जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगला पीटर कॉलिन्स गेला. त्याआधीच्या वर्षी कास्तेलोत्ती आणि पोर्तागो. माइक हॉथॉर्नने १९५८ चं विश्वविजेतेपद मिळवून निवृत्ती घेतली आणि जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावर मोटार अपघातात तोही गेला. ट्रिप्सला 'टॅफी' हे लाडाचं नाव हॉथॉर्ननेच दिलेलं. दोन वर्षांत फेरारीच्या खोलीतल्या खुर्च्या अशा रिकाम्या होत गेल्या. एवढं पाहून तीस वर्षांचा माणूस एकतर सोडतो किंवा बदलतो.

त्याला बदलवलं कशाने? माझ्या मते घाटांनी. १९५८ साली तो पोर्शे घेऊन युरोपची डोंगरी शर्यतींची मालिका खेळला आणि युरोपचा पर्वत-विजेता झाला. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून थोडं थांबतो.

डोंगरी शर्यतीत शेजारी दुसरी गाडी नसते. एकेक गाडी सोडतात. खालून वर जायचं, घड्याळाशी स्पर्धा. एका वळणावर टायर जरासा घसरला तरी गेलेला सेकंद परत मिळवायला पुढची लॅप नसते. आणि कडेला कठडा असेल किंवा नसेलही. इथे उतावळेपणा लगेच वेळेत दिसतो. जास्त आत घुसलात की बाहेर पडताना गाडी आडवी, इंजिन पडलेलं, चढ समोर. ज्याने आंबेनळी किंवा वरंधा घाटात गाडी चढवलीय त्याला हे अंगाने कळतं. वळणात शिरताना जो सोडतो, तो बाहेर पडताना कमावतो. ट्रिप्सने हा धडा भरल्या उन्हाळ्यात, वेगवेगळ्या देशांतल्या डोंगरांवर गिरवला.

१९५९ चं मोनॅको यानंतरचं आहे, हे तुम्ही म्हणालच. हो. शिकलेलं एका दमात पक्कं होत नाही. पण १९६० बघा. सिराक्यूजला फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या गटात, पहिला, आणि श्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूडला फेरारीच्या मागे इंजिन असलेल्या नव्या गाडीत पहिला, तेही पोर्शेच्या अंगणात. त्या वर्षी मोठी पडझड नाही.

---

सातारकर_रस्ता

घाटाचं जे लिहिलंय ते अगदी खरं. आमच्याकडे यवतेश्वरच्या चढावर नवीन पोरं वळणात ब्रेक मारतात आणि मग शोधत बसतात गाडी का ओढत नाही.

---

पिस्टन

आता १९६१ वर या राव.

---

घाटवळण

येतो. हा मोठा प्रतिसाद आहे.

१९६१ पासून फॉर्म्युला वनचं इंजिन अडीच लिटरवरून दीड लिटरवर आणलं गेलं. इंग्लिश संघांनी या नियमाला आधीपासून विरोध केला आणि नियम बदलेल या आशेवर नवी इंजिनं वेळेत केली नाहीत. फेरारीकडे दीड लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन फॉर्म्युला टूमुळे तयारच होतं. त्यावर अभियंता कार्लो कीती याने नवं इंजिन काढलं, ज्यात सिलिंडरच्या दोन ओळींमधला कोन १२० अंशांचा होता. कोन रुंद झाला की इंजिन बसकं होतं, वजन जमिनीजवळ येतं आणि गाडी वळणात कमी झुकते. ताकद साधारण १९० अश्वशक्ती. इंग्लिश संघांकडच्या चार सिलिंडरच्या क्लायमॅक्स इंजिनाची दीडशेच्या आसपास. गाडीचं नाव १५६. पुढे नाकपुड्यांसारखी दोन भोकं, म्हणून तिला शार्कनोज म्हणतात. माझ्या मते इतकी देखणी रेसिंग कार पुन्हा झाली नाही.

चालक तीन : कॅलिफोर्नियाचे फिल हिल आणि रिची जिंथर, आणि ट्रिप्स. एन्झो फेरारीने पहिला चालक कोण ते ठरवलंच नाही. जो पुढे जाईल तो. हिल आणि ट्रिप्स या दोघांनाही ठाऊक होतं की विश्वविजेतेपद या खोलीतच आहे आणि ते समोरच्या मित्राकडून घ्यायचं आहे.

मोनॅकोत स्टर्लिंग मॉसने खासगी संघाच्या जुन्या लोटसमध्ये तिन्ही फेरारींना हरवलं. ट्रिप्स चौथा.

आठ दिवसांनी, २२ मे ला, झांडवूर्ट. हॉलंडचा समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्यांमधून जाणारा ट्रॅक. ट्रिप्सने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. मागे हिल आणि जिम क्लार्क यांची झोंबाझोंबी चाललेली. शेवटी हिल एका सेकंदाच्याही आत मागे, पण ट्रिप्सने त्याला शिरायला फट दिली नाही. जो माणूस दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या लॅपला दोघांना घेऊन बाहेर गेला होता, तो आज ७५ लॅप चुकला नाही. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतली ग्रां प्री जिंकणारा तो पहिला जर्मन. त्या शर्यतीत पंधरा गाड्या सुटल्या आणि पंधराही पोचल्या. एकही गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, आली नाही.

बेल्जियममधल्या स्पाला हिल पहिला, ट्रिप्स ०.७ सेकंदाने दुसरा. पहिल्या चारही फेरारी. रीम्सला ट्रिप्सचं इंजिन गेलं, आणि पहिलीच ग्रां प्री खेळणारा जॅनकार्लो बागेत्ती ती शर्यत जिंकून गेला.

मग १५ जुलै, लिव्हरपूलजवळचं एन्ट्री. पात्रता फेरीत पहिल्या चौघांची वेळ तंतोतंत सारखी : हिल, जिंथर, बोनिए, ट्रिप्स, चौघेही १ मिनिट ५८.८ सेकंद. शर्यतीच्या वेळी पाऊस. पावसात कमी ताकदीच्या गाडीला फारसं नुकसान नसतं आणि पावसात मॉससारखा माणूस नव्हता. तो ट्रिप्सच्या मागे लागला. घसरला तो मॉस. ट्रिप्स घसरला नाही. तो जिंकला, हिल दुसरा, जिंथर तिसरा.

अनघाताई, माझं उत्तर हे एन्ट्री आहे. ओला ट्रॅक, मागे मॉस, आणि 'काउंट फॉन क्रॅश' रस्त्यावर ठाम.

त्याच मोसमात त्याने ऑलिव्हिए जांदबिएनसोबत सिसिलीतली तार्गा फ्लोरियोही जिंकली होती. तीही डोंगरातलीच.

ऑगस्टमध्ये न्यूरबुर्गरिंग, घरची शर्यत. मॉस पहिला, ट्रिप्स दुसरा, हिल तिसरा. आता ट्रिप्स ३३, हिल २९.

---

अनघा_व

उत्तर पोचलं. एन्ट्रीबद्दल मला माहीत नव्हतं. 'क्रॅश'वाला माझा सूर मागे घेते, नोंदी मागे घेत नाही.

---

चौथागिअर

गुणांचं गणित मांडतो, कारण त्यावर खूप चुकीचं लिहिलं जातं.

त्या वर्षी पहिल्याला ९, मग ६, ४, ३, २, १. आठ शर्यतींपैकी सर्वोत्तम पाच धरायच्या. मोंझाआधी ट्रिप्स : मोनॅको ३, झांडवूर्ट ९, स्पा ६, एन्ट्री ९, न्यूरबुर्गरिंग ६. पाच निकाल भरलेले, बेरीज ३३. हिल : ४, ६, ९, ६, ४. पाच भरलेले, २९.

म्हणजे यापुढे नवा निकाल आला तर आपला सगळ्यात लहान आकडा बाहेर काढायचा. ट्रिप्सने मोंझा जिंकली असती तर ९ आत, ३ बाहेर, एकूण ३९. मग हिल मोंझाला दुसरा आणि अमेरिकेत पहिला आला असता तरी त्याची मजल ३६. ट्रिप्स त्याच संध्याकाळी विश्वविजेता. प्रत्यक्षात हिल जिंकला, त्याचे ९ आत आणि ४ बाहेर, म्हणून ३४. हा ३४-३३ चा फरक खेळाचा फरक नाहीच. त्यातल्या एकाचं खातं दुसऱ्या लॅपला बंद झालं.

---

जुनापुणेकर

मोंझाबद्दल लिहायचं तर नीट लिहा. फोटो टाकू नका, ही विनंती.

---

घाटवळण

नाही टाकणार काका. लिहितो तेवढंच.

१० सप्टेंबर १९६१. तेव्हा मोंझाला साधा रस्ता आणि उतरत्या भिंतीसारखा तिरपा कडा असलेला ओव्हल, दोन्ही जोडून दहा किलोमीटरची लॅप करत. आदल्या वर्षी याच तिरप्या ट्रॅकच्या धोक्यामुळे मोठ्या इंग्लिश संघांनी बहिष्कार घातला होता. या वर्षी ते आले होते.

ट्रिप्सने कारकिर्दीतली पहिली आणि एकमेव पोल, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटायची जागा, मिळवली. शेजारी एकोणीस वर्षांचा रिकार्डो रॉड्रिगेझ, पहिलीच ग्रां प्री, अवघ्या दशांश सेकंदाने मागे. हिल चौथा.

ट्रिप्सची सुरुवात खराब झाली. दोन-चार गाड्या पुढे गेल्या. एवढ्या लांब सरळ पट्ट्यांवर कमी ताकदीची गाडीही पुढच्या गाडीच्या मागची पातळ हवा धरून चिकटून राहू शकते. क्लार्कची लोटस अशीच फेरारींच्या झुंडीत होती. दुसऱ्या लॅपमध्ये पाराबोलिका वळणाआधी, ब्रेक लावायच्या जागी, ट्रिप्सच्या मागच्या चाकाला क्लार्कचं पुढचं चाक लागलं. उघड्या चाकांच्या गाडीत चाकावर चाक चढलं की गाडी उडते. फेरारी डावीकडच्या मातीच्या चढावर गेली. तिथे जाळीच्या कुंपणाला लागूनच लोक उभे होते. ट्रिप्स बाहेर फेकला गेला. तेव्हा पट्टे बांधत नसत. तो आणि पंधरा प्रेक्षक गेले.

शर्यत थांबवली नाही. गर्दी एकदम बाहेर पडली तर जखमींना नेणारे रस्ते अडतील, असं कारण त्या निर्णयाच्या बाजूने दिलं गेलं. हिल ४३ लॅप चालवत राहिला, जिंकला, विश्वविजेता झाला. मित्र गेल्याचं त्याला नंतर कळलं. होरेमला अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हिल होता. फेरारीचा संघ मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला अमेरिकेला गेलाच नाही. अमेरिकेचा पहिला विश्वविजेता आपल्या देशातल्या शर्यतीत उतरू शकला नाही.

फॉर्म्युला वनची विश्वविजेतेपदाची शर्यत त्या तिरप्या ट्रॅकवर पुन्हा कधी झाली नाही.

---

पिस्टन

चूक कोणाची? क्लार्कची ना?

---

चौथागिअर

इटलीतल्या तपासयंत्रणेने क्लार्कच्या मागे बराच काळ चौकशी लावली होती आणि अखेर तो निर्दोष ठरला. त्याचं म्हणणं असं होतं की तो ट्रिप्सच्या बाजूला येत होता आणि ट्रिप्स त्याच्या रेषेत सरकला. ट्रिप्सने त्याला नुकतंच मागे टाकलं होतं. लोटस मागे पडली असेल असं त्याला वाटलं असणार. आरशात बघायला त्या वेगात क्षणसुद्धा नव्हता. मला यात गुन्हेगार दिसत नाही.

---

घाटवळण

मलाही नाही. मी याला दोघांचा अपघात म्हणतो. ट्रिप्स माझा आवडता असूनही म्हणतो की ती रेष घेताना त्याने क्लार्कला गृहीत धरलं असावं. पण माणसं जाळीला टेकून उभी होती, त्याला या दोघांपैकी कोणीच जबाबदार नव्हतं. सहाच वर्षांपूर्वी ले मॉन्स झालं होतं, चार वर्षांपूर्वी ग्विदित्सोलो. तरी प्रेक्षक आणि ट्रॅक यांच्यामध्ये तारेची जाळीच होती.

---

अनघा_व

हेच मला म्हणायचं होतं. दर वर्षी सप्टेंबरात ट्रिप्सची आठवण निघते, निघावीच. पण त्या पंधरा जणांची नावं मी एकाही लेखात वाचलेली नाहीत. रविवारी शर्यत बघायला आलेली माणसं होती ती. कुणी सायकलवर आलं असेल, कुणी डबा घेऊन.

---

जुनापुणेकर

खरं आहे पोरी.

---

सुमेधा_कोलोन

उशिरा आले धाग्यावर, पण मला लिहायलाच हवं. मी गेली नऊ वर्षं कोलोनला राहते. होरेम इथून लोकलने अगदी जवळ, आखनच्या मार्गावर. पहिल्यांदा उतरले ते एका मैत्रिणीकडे पूजेला. गढी बाहेरून बघितली तेव्हा हे सगळं ठाऊकच नव्हतं. घरी येऊन वाचलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले.

एक गोष्ट धाग्यात राहिलीय. ट्रिप्सला अमेरिकेत गो-कार्ट भेटली. हा लहान मुलांना मोटार शर्यत शिकवायचा स्वस्त रस्ता आहे हे त्याने ओळखलं आणि जर्मनीत कार्टिंग रुजवायला हातभार लावला. कोलोनमध्ये स्कुदेरिया कोलोनिया हा क्लब उभा केला. गावाजवळ ट्रॅक करायचं त्याच्या मनात होतं. तो गेल्यावर केर्पेन भागात कार्टिंग वाढत राहिलं आणि पुढे मानहाइम गावाजवळचा कार्ट ट्रॅक झाला. त्या ट्रॅकची देखभाल करणाऱ्या गवंड्याचं नाव रोल्फ शूमाकर. त्याचा मुलगा मिखाएल.

ट्रिप्सचे आईवडील मुलानंतर उरले, आणि घराणं तिथेच संपलं. मागे त्यांच्या नावाची क्रीडा संस्था राहिली.

---

पिस्टन

थांबा थांबा. आपला शूमाकर ट्रिप्सच्या गावचा?

---

सुमेधा_कोलोन

हो. केर्पेनचाच. पुढे विश्वविजेता झालेला सेबास्टियन फेटेलही लहानपणी इथेच कार्ट चालवायला यायचा.

---

चौथागिअर

यात तारखा जोडतो. ट्रिप्सनंतर ग्रां प्री जिंकणारा पुढचा जर्मन योखेन मास, १९७५, बार्सिलोनाचं मोंट्जुइक. तीही शर्यत अपघातामुळे अर्ध्यात थांबली आणि निम्मे गुण मिळाले. अपघात झाला तो रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा, मागचा पंख तुटून, आणि तिथेही प्रेक्षक गेले. त्यानंतर थेट १९९२, स्पा, मिखाएल शूमाकर. १९९४ ला जर्मनीचा पहिला विश्वविजेता. म्हणजे ट्रिप्सच्या हातातून गेलेली गोष्ट ३३ वर्षांनी त्याच्याच तालुक्यात आली.

आणि २००८, मोंझा, पाऊस. फेटेलची पहिली पोल आणि पहिला विजय.

---

सातारकर_रस्ता

मानहाइम म्हणजे कोळशाच्या खाणीत गेलेलं गाव तेच का? बातमीत वाचलं होतं. आमचं मूळ गाव कोयनेत गेलंय म्हणून नाव लक्षात राहिलं.

---

सुमेधा_कोलोन

तेच. हाम्बाखची उघडी खाण. गाव दुसरीकडे वसवलं, 'नवं मानहाइम' म्हणून. जुन्या गावातून मी एकदा गेलेय. दारं-खिडक्या बंद केलेली घरं, अंगणात झोपाळा तसाच. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

---

जुनापुणेकर

घाटवळण, एक विचारतो. २७ शर्यती, दोन विजय, एक पोल. एवढ्यावर तो थोर होता असं म्हणाल?

---

घाटवळण

मॉस किंवा क्लार्कच्या पंक्तीत मी त्याला बसवणार नाही काका. मॉसने त्याच वर्षी कमी ताकदीच्या गाडीत त्याला दोनदा हरवलं, एकदा त्याच्या घरच्या ट्रॅकवर. गाडी चांगली होती म्हणून १९६१ घडलं, हेही खरं.

पण तीच गाडी हिलकडे होती, जिंथरकडे होती. त्यात झांडवूर्ट आणि एन्ट्री ट्रिप्सने जिंकल्या. न्यूरबुर्गरिंगच्या सरावात हिलने नऊ मिनिटांच्या आत लॅप काढली, पहिल्यांदाच कुणी काढली, आणि शर्यतीत मात्र पुढे राहिला ट्रिप्स. पाच वर्षांपूर्वीच्या ट्रिप्सकडून हे झालं नसतं. थोर म्हणणार नाही. तयार झालेला म्हणेन. आंबा पाडाला आला होता.

---

अनघा_व

हे पटलं.

---

पिस्टन

झांडवूर्टचं जुनं चित्रण सापडलं, काळंपांढरं. बाबांना दाखवलं. त्यांना शर्यतीतलं काही कळत नाही, पण शेवटी हार घालून हसणारा ट्रिप्स बघून म्हणाले, 'पोरगं चांगल्या घरचं दिसतंय.'

---

सुमेधा_कोलोन

येत्या रविवारी होरेमला जाणार आहे, त्याच्या कबरीवर. इथून कोणाला फुलं ठेवायची असतील तर सांगा, सगळ्यांची मिळून एकच जुडी नेते.

---

जुनापुणेकर

माझी धर. आणि अनघा म्हणाली त्या पंधरा जणांचीही त्यातच धर.